भिंतीतून गेलेली बस

गळ्याशी बस आली की आतले सगळे आपोआप गप्प व्हायचे. भांडणारे भांडण थांबवायचे, फोनवर बोलणारे "थांब हं" म्हणायचे, आणि पुढच्या सीटवरची शिंपीणबाई आपली कुबडी पोटाशी धरायची.

गळा म्हणजे वेशीतून जुन्या शहरात शिरल्यावर तिसरं वळण. डावीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि त्याच्यापुढे वीतभर उंचीचा दगडी ओटा. उजवीकडे खिडकी नसलेली उंच भिंत. मधून रस्ता म्हणावा तर रस्ता, बोळ म्हणावा तर बोळ. तिथे उजवीकडे वळायचं, तर आधी बस डावीकडे दाबायची. इतकी दाबायची, की नवख्या उतारूला वाटावं, गेली आता घड्याळवाल्याची काच! बसचं नाक ओट्यावर तरंगत यायचं, घड्याळवाल्याच्या काढून ठेवलेल्या चपलांवरून जायचं, पण चाक ओट्याच्या कडेपासून चार बोटं लांबच राहायचं. मग स्टेअरिंग झपकन उजवीकडे, आणि बसची मागची बाजू भिंतीला न शिवता सुळकन आत.

घड्याळवाला भिंगातून मान वर न करता म्हणायचा, "दहा सतरा. दोन मिनिटं उशीर, नऊनंबर."

"तुमचं घड्याळ पुढे असेल," बसमधून उत्तर यायचं.

उत्तर देणारी बाई ड्रायव्हर होती. तिला आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. गल्लीला, डेपोला आणि खुद्द सासूलाही ती नऊनंबर होती. बावीस वर्षांपूर्वी डेपोत पहिल्यांदा आली, तेव्हा तिथल्या मॅनेजरने हसत हसत सांगितलं होतं, "बाईला नऊ नंबर द्या. दोन दिवसांत स्वतःच राजीनामा देईल." नऊ नंबर कुणालाच नको असायचा. जुनं शहर, दगडी रस्ते, मध्येच आडवी लावलेली हातगाडी, आणि तो गळा. नऊनंबरने पहिल्या दिवशी त्या वळणावर सहा वेळा पुढेमागे केलं. सातव्या दिवशी एकदाच. मॅनेजर तिच्याआधी निवृत्त झाला.

बावीस वर्षांत तिच्या सेवापुस्तकात शेऱ्याची पानं कोरी राहिली. ना अपघात, ना ओरखडा, ना तक्रार. वर्षातून एकदा सही करायला ते पुस्तक हातात आलं की ती शेऱ्याचं पान उघडून बघायची आणि मिटायची. दागिने बघून डब्यात परत ठेवावेत तसं.

मग विजेच्या नव्या बस आल्या. सगळे खूश. जुनी बस चढावर काळा धूर ओकायची, आणि गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे तिच्या वेळापत्रकाप्रमाणे आत-बाहेर करायच्या. नवी बस जुनीपेक्षा लांबीला हातभर कमी, रुंदीलाही कमी, आणि आवाज असा की कंडक्टर म्हणाला, "ताई, चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतंय."

त्याच आठवड्यात वेशीवर फलक लागला. हिरवागार, वर दोन पानं, खाली सायकलवर हसणारं कुटुंब. "शाश्वत वाहतूक आराखडा." त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की पहिल्या तारखेपासून मार्ग क्रमांक नऊ वेशीबाहेर संपेल. आणि आतल्या चौकात, जिथे बस वळायची तिथे, तीनशे मोटारींसाठी चार मजली वाहनतळ उभारला जाईल.

शिंपीणबाईने कुबडीवर रेलून ते दोनदा वाचलं. "शाश्वत म्हणजे काय गं?"

"कायम टिकणारं," नऊनंबर म्हणाली.

"मग आमच्या पायांना लावा म्हणावं ते. वेशीपासून माझ्या दुकानापर्यंत सातशे बारा पावलं. एका पायाची आणि एका काठीची. मोजलीयत मी, ज्या दिवशी तुझी बस पंक्चर झाली होती त्या दिवशी."

नऊनंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारची पाळी संपल्यावर ती गणवेशातच वाहतूक नियोजन विभागात गेली. तिसरा मजला, काचेची खोली, थंडगार. आत साहेब, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पडद्यापुढे नकाशे काढणारी एक पंचविशीतली बाई.

"साहेब, नऊ नंबर बाहेर का थांबवताय?"

"कारण बस गळ्यातून जात नाही, बाई."

"मी आत्ता तिथूनच आले. बस घेऊन."

"तांत्रिकदृष्ट्या जात नाही." साहेब अगदी गोड माणूस. त्यांनी नकाशेवालीला खूण केली. पडद्यावर जुन्या शहराच्या काळ्या रेषा आल्या, त्यांतून एक निळी बस सरकत गळ्याशी आली आणि टक्कन तांबडी झाली. "पाहिलंत? धडकली."

"दिवसातून अठ्ठावीस वेळा जाते हो ती! बावीस वर्षं मी काय भुताटकी चालवत होते?"

"ते तुमचं कौशल्य आहे. कौतुकच आहे आम्हाला. पण आराखडा कौशल्यावर करता येत नाही, मोजमापांवर करावा लागतो."

"आणि तीनशे मोटारी? त्या कुठून जाणार?"

"मोटारी लहान असतात."

"तीनशे असल्या तरी?"

"एकेक करून जातील ना," साहेब म्हणाले. वर हसले. "हरकत असेल तर लेखी द्या. पंधरा दिवस आहेत. सोबत तांत्रिक पुरावा जोडा."

"मग तासभर नवी बस द्या. नेऊन दाखवते. कॅमेरा घेऊन या."

"आराखड्यात नसलेल्या मार्गावर नवी बस नेता येत नाही."

"आराखड्यात का नाही?"

"जात नाही म्हणून."

एवढ्या वर्षांत नऊनंबरने रस्त्यात आडवे येणारे खूप पाहिले होते. हातगाड्या, म्हशी, वरातीची गर्दी. हॉर्न वाजवला की हळूहळू का होईना, सगळे बाजूला व्हायचे. या माणसापुढे कुठला हॉर्न वाजवायचा, ते तिला कळेना.

गळ्याच्या नकाशाची प्रत तेवढी मागून घेतली. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आपटली.

तिचा नवरा इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचा. बोलणं कमी, गाठी पक्क्या. नकाशे वाचायची त्याला सवय, कारण परांची कुठे टेकवायची ते नकाशाच सांगतो. त्याने कागद खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले आणि एकदम फिस्सकन हसला.

"हसतोस काय? माझा जीव चाललाय इथे!"

"अगं, ही जाड रेघ म्हणजे भिंत. कुठल्याही नकाशात हेच. आता घड्याळवाल्याचा ओटा बघ. त्याला कुठली रेघ?"

तिने वाकून पाहिलं. "जाड."

"म्हणजे यांच्या हिशेबाने घड्याळवाल्याचा ओटा छपरापर्यंत उंच आहे. बसच्या डाव्या हाताला, भिंत होऊन उभा. सगळ्या गल्लीचे ओटे यांनी भिंती करून टाकलेत. सतरा ओटे. मग बस धडकणार नाही तर काय!"

तो पुन्हा हसायला लागला. तिला मात्र हसू येईना. वीतभर दगड! मुलं त्याच्यावर बसून गोट्या खेळतात, म्हातारे पाय सोडून बसतात, तिची बस रोज त्याच्यावरून नाक नेते. त्याची या लोकांनी भिंत केली, आणि त्या भिंतीच्या जोरावर शिंपीणबाईला सातशे बारा पावलं चालायला लावणार. एका रेघेने!

"हे लिहून दे," नवरा म्हणाला.

"लिहून काय होणार? पुरावा हवाय त्यांना. आणि नवी बस तर देत नाहीत."

नवऱ्याने कागदाची घडी घातली. "बस नाही देत, तर बस बांधू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नऊनंबर आणि कंडक्टर डेपोत उभ्या असलेल्या नव्या बसभोवती टेप घेऊन फिरत होते. नाकापासून पुढच्या चाकापर्यंत किती, पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत किती, आरसे किती बाहेर. नाक जमिनीपासून किती वर, यासाठी कंडक्टर चक्क आडवा झोपला.

पहारेकरी लांबून ओरडला, "चोरायचीय का रे?"

"नाही," कंडक्टर खालून म्हणाला, "दुसरी शिवायला माप घेतोय!"

नाकाची उंची आली सत्तावीस सेंटिमीटर. घड्याळवाल्याचा ओटा भरला चोवीस. तीन सेंटिमीटरची फट. जुन्या बसला होती तिच्या निम्मीसुद्धा नाही. नऊनंबर त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओटा भिंत नव्हता हे खरं. पण उद्या नाक घासलं, तर साहेबांचं खोटंसुद्धा खरं ठरणार होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी वेशीत बांबूची बस उभी राहिली. सात मीटर लांब, काटेकोर मापाची. नवऱ्याने जुन्या हातगाडीचा आस मागे बसवला होता, पुढची दोन चाकं वळतील अशी जोडली होती. आरशांच्या जागी दोन थाळ्या, आणि नाकाच्या जागी खाली एक सरळ बांबू, जमिनीपासून बरोबर सत्तावीस सेंटिमीटरवर. नऊनंबर आत, ड्रायव्हरच्या जागी जमिनीवर उभी राहिली, हातात पुढची चाकं वळवायचा दांडा. ढकलायला गल्लीतले सहाजण. मधोमध स्टुलावर शिंपीणबाई, कुबडी पोटाशी धरून.

"तुम्ही कशाला?" नवरा म्हणाला. "वजन वाढतं."

"उतारू नसलेल्या बसला बस म्हणतात का? चल ढकल. आणि ए कंडक्टर, मला तिकीट नको?"

"बांबूला सवलत आहे मावशी, फुकट बसा. पुढे चला, पुढे चला, मागे जागा आहे!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. वरून कुणीतरी विचारलं, "ही कितीची?" खालून उत्तर गेलं, "ही सात पाचची, आठवडाभर उशिरा!" हसत, ठेचकाळत, बांबू करकरत बस पहिल्या वळणावरून गेली, दुसऱ्यावरून गेली.

गळ्याशी सगळे गप्प झाले. सवयच ती.

नऊनंबरने हरकत लेखी दिली होती, म्हणून विभागाने पाहणीसाठी नकाशेवालीला पाठवलं होतं. ती घड्याळवाल्याच्या दारात टेप आणि कॅमेरा घेऊन उभी. नऊनंबरने दांडा डावीकडे दाबला. नाकाचा बांबू ओट्याच्या कडेशी आला. कुणीतरी "लागला!" म्हणालं. "गप्प!" ती ओरडली. बांबू दगडावरून निघाला, तीन सेंटिमीटर वरून, घड्याळवाल्याच्या चपलेचा अंगठा मात्र त्याने उडवला. चाक कडेपासून लांबच. दांडा उजवीकडे. मागची बाजू भिंतीजवळून सरकली आणि आत.

"चप्पल तेवढी गेली," घड्याळवाला म्हणाला. "उद्यापासून आत काढतो."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. नकाशेवाली मात्र ओट्याशी उकिडवी बसली होती. टेपवरचा चोवीसचा आकडा बघत.

"ती रेघ मी काढली," ती नऊनंबरला हळूच म्हणाली. "आमच्याकडे तयार रेघा असतात. इमारतीची एक, रस्त्याची एक. ओट्यासाठी वेगळी रेघच नाहीये. मी इथे कधी आले नव्हते, ताई. वरून काढलेल्या फोटोवरून केलं सगळं. फोटोत ओटा आणि भिंत सारखेच दिसतात."

नऊनंबरला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिचा चेहरा बघून दिली नाही. "मग आता बदल," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे ना?"

"दोन मिनिटांचंही नाही. पण साहेबांच्या सहीशिवाय बदलता येत नाही."

सुनावणीला सात मिनिटं मिळाली. नऊनंबरने मापं सांगितली, नवऱ्याने जाड रेघ दाखवली. नकाशेवालीने केलेलं चित्रीकरण लावलं, तेव्हा मागे बसलेले अधिकारीही पुढे वाकून बघू लागले. बाहेरून बोलावलेले सल्लागार तेवढे खुर्चीत मागे रेलले.

"कल्पना छान आहे," ते म्हणाले. "पण ही मान्यताप्राप्त पद्धत नाही. बांबूला इंजिन नसतं."

"इंजिन ओट्याला धडकत नाही हो, नाक धडकतं! आणि नाक मोजलंय आम्ही!"

नकाशेवाली उभी राहिली. "सर, मूळ नकाशात माझ्याकडून एक…"

"तुम्ही बसा," साहेब म्हणाले.

ती बसली.

साहेबांनी गोड आवाजात गुंडाळलं. हरकतीची नोंद घेतली आहे. आराखडा मंजूर झाला आहे, वाहनतळाचं काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. ओट्यांच्या प्रश्नाचा विचार पुढच्या फेरआढाव्यात होईल.

"तो कधी?"

"पाच वर्षांनी."

नऊनंबर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. नवऱ्याने एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. चुकलंय हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. एकानेही "नाही" म्हटलं नव्हतं. कळूनही तसंच! धूर नको म्हणून विजेची बस आणायची, मग तिला दाराबाहेर उभी करायची आणि आत तीनशे मोटारींना बोलवायचं. वर फलकावर दोन हिरवी पानं.

पहिल्या तारखेला ती नवी बस घेऊन निघाली. बसमध्ये एक बोलकं यंत्र होतं, थांबे सांगायचं, आणि बस कुठे आहे ते क्षणोक्षणी विभागाच्या पडद्यावर दाखवायचं. वेशीशी यंत्र म्हणालं, "अंतिम थांबा. कृपया उतरा."

माणसं कुरकुरत उतरायला लागली. शिंपीणबाईने कुबडी पायरीवर टेकली, समोरच्या चढाकडे पाहिलं आणि वळून म्हणाली, "जाते बाई. तू वळव तुझी गाडी. कागदावर पुढे रस्ताच नाही म्हणे."

नऊनंबरने स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"वर या."

"काय?"

"वर या म्हणते ना! सगळे चढा."

कंडक्टर पुढे धावला. "ताई, बावीस वर्षांचं कोरं पुस्तक आहे. विचार करा."

"केला. घंटी दे."

त्याने दोनदा घंटी दिली. बस वेशीतून आत शिरली. यंत्र म्हणालं, "आपण मार्ग सोडला आहे." पहिलं वळण. "आपण मार्ग सोडला आहे." दुसरं वळण. "ह्याचा गळा दाबा कुणीतरी," शिंपीणबाई म्हणाली. मग तिसरं वळण आलं आणि यंत्र सोडून सगळे गप्प झाले.

नाक ओट्यावर आलं. नऊनंबरला आतून तीन सेंटिमीटर दिसत नव्हते. पण हातात होते. डावीकडे, अजून, अजून थोडं. घड्याळवाल्याची काच, काचेत तिची स्वतःची टोपी. आता उजवीकडे. भिंत आरशातून सरकत गेली. कुठे काही लागलं नाही. आवाजही नाही. बससुद्धा गप्प.

"अकरा चार," घड्याळवाला भिंगातून म्हणाला. "उशीर." मग त्याने मान वर केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरनेही बस आत नेली. नऊनंबरशी त्याचं कधी फारसं पटलं नव्हतं. "तू नेतेस आणि मी नाही, असं कसं चालेल," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोघांनी नेली, तिसऱ्या दिवशी पण. आणि तिन्ही दिवस विभागाच्या पडद्यावर एक निळा ठिपका सतरा भिंतींतून आरपार जात राहिला. येता-जाता, न धडकता. बाकीच्या खात्यांतले लोक चहाच्या वेळी बघायला यायला लागले. नऊनंबरला खोटं ठरवता आलं असतं, बांबूला ठरवलंच होतं. पण हे साहेबांचं स्वतःचं यंत्र होतं, साहेबांच्या स्वतःच्या भिंतींतून जात होतं.

आठवड्याने दोन कागद आले. पहिला: मार्ग क्रमांक नऊ पुढील आदेशापर्यंत चौकापर्यंत सुरू ठेवावा, वाहनतळाचं काम तूर्त थांबवावं. गल्लीत आनंदीआनंद. दुसरा कागद सेवापुस्तकात चिकटवायला होता. डेपोत तिने तो वाचला, कंडक्टरला दिला, आणि कंडक्टरने मोठ्यांदा वाचला: "मंजूर नकाशानुसार इमारत असलेल्या जागेतून बस नेल्याबद्दल सक्त ताकीद."

डेपो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "ताई, इमारतीतून! लिफ्टने गेलात की जिन्याने?" पहारेकऱ्याने तर डोळे पुसले. नऊनंबर हसली नाही. तिने सेवापुस्तक काखोटीला मारलं आणि सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली.

"आता काय बाई?" साहेब दमले होते. "मार्ग दिला ना तुम्हाला?"

"पुढील आदेशापर्यंत दिलाय. आणि तो आदेश ह्याच नकाशावरून निघणार." तिने पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, शेऱ्याचं पान वर. "हा शेरा राहू द्या. बस नेली, कबूल. पण इमारत नव्हती तिथे. ती आधी काढा."

"ते फेरआढाव्यात…"

"मी बसते इथे. माझी पाळी दोनला आहे."

ती खरंच बसली. साहेबांनी फायली हलवल्या, पाण्याचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं. मग कोपऱ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नकाशेवाली उभी राहिली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बसा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा, पण ती आधीच पडद्याकडे वळली होती.

"सर, सही तुम्ही नंतर करा. मी रेघ काढून ठेवते. ताई, घड्याळवाल्यापासून सुरू करू? उंची किती टाकू?"

"चोवीस," नऊनंबर म्हणाली. "पुढच्याची एकोणीस आहे. त्याच्या पुढच्याची सांगत नाही. टेप घे आणि चल माझ्याबरोबर."